पाणी किती फुटाला आलंय?

आईच्या आजारपणाबद्दल लिहू का, असं वहिनींना विचारलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहा की. पण पाटल्यांचं पण लिहायचं, ताई."

तेव्हा पाटल्यांचंही लिहिणार आहे. पण सुरुवात पाण्यापासून करावी लागेल.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. सांगलीबाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी फुटांत मोजतात. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की भाजीवालीपासून देवळातल्या गुरुजींपर्यंत जो तो एकमेकांना तेवढंच विचारतो, पाणी किती फुटाला आलंय? ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोल्या बुडल्या, जिन्याच्या सात पायऱ्या बुडल्या, आणि दादा, वहिनी, आई, दोन्ही मुलं नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागेत चुलतभावाकडे गेली. अकरा दिवस तिथं होती.

त्या अकरा दिवसांत आई रोज सकाळी उठून विचारायची, "हे कोणाचं घर?" चुलतभावाचं घर तिनं शंभरदा पाहिलेलं. त्याच्या वास्तुशांतीला पुरणपोळ्या तिनंच केल्या होत्या. आम्ही म्हणालो, धक्का बसलाय, पूर बघितलाय, वय झालंय. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

आता मागं वळून बघताना दिसतं की खुणा आधीपासूनच होत्या. कांदा-लसूण मसाल्यात मीठ दोनदा पडलं होतं. भाजणीचं प्रमाण तिनं मला फोन करून विचारलं होतं, जे मी आयुष्यभर तिलाच विचारत आले. गणपतीच्या देवळातून घरी यायला एकदा दीड तास लागला आणि ती म्हणाली, "गर्दी होती." प्रत्येक गोष्टीला एक कारण तयार असायचं, आणि आम्हाला ते पटायचंही. पुरात घर सुटलं तेव्हा मात्र ती सगळी कारणं संपली. ओळखीचा जिना, ओळखीची मोरी, ओळखीची खिडकी, एवढ्याच्याच आधारानं ती चाललेली होती हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

आधी एका डॉक्टरांनी "वयानं होतं" म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. त्यात चार महिने गेले. मग जानेवारी २०२० मध्ये दादा तिला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही पुण्याहून गेले होते. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह बघितलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं. एमआरआय झाला. मग डॉक्टरांनी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "बाई, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिक्षिका होती. त्यातली निम्मी वर्षं तिसरीचा वर्ग. तिसरीला घड्याळ असतं. पुठ्ठ्याचं घड्याळ, मध्ये टाचणीनं लावलेले दोन काटे, ते दर वर्षी जूनमध्ये ती नव्यानं करायची आणि आम्ही भावंडं आकडे रंगवायचो. तिनं कागदावर गोल काढला. गोल चांगला आला. मग बारापासून आकडे लिहायला घेतले आणि सगळेच्या सगळे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले. डावीकडचा अर्धा गोल रिकामा. काटा एकच, तोही गोलाच्या बाहेर गेलेला. तिनं कागदाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. तिला कळलं होतं की हे चुकलंय. कुठं चुकलंय ते कळत नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

डॉक्टर सरळ बोलले, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. अल्झायमर आहे. मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग आधी झिजतो, म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही आणि लहानपणची भिलवडीची विहीर आठवते. बरा होत नाही. डोनेपेझिलच्या गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडेल, पुढं मेमँटिन सुरू करू. पैशाची आणि बँकेची कामं तिला समजतंय तोवर करून घ्या, कारण एकदा समजेनासं झालं की आधी करून ठेवलेलं मुखत्यारपत्रही कायद्यानं टिकत नाही. बँकेचं खातं आम्ही त्याच महिन्यात दादाबरोबर जोडखातं करून घेतलं. मृत्युपत्र मात्र राहिलं. पुढच्या दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि नंतर ती सही करताना आडनावापाशी थांबायला लागली. कुणाच्या घरी हे नुकतंच सुरू झालं असेल, तर कागदाचं काम पुढं ढकलू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

जाता जाता त्यांनी विचारलं, "घरात बघणार कोण?"

दादा म्हणाला, "आम्ही सगळे आहोत की."

वहिनी मागच्या खुर्चीवर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडेच बघितलं. आम्ही कुणीच बघितलं नाही.

आता पाटल्यांचं.

मार्च २०२० ची गोष्ट. आईचा मला फोन आला. दबक्या आवाजात, दार लावून बोलत असल्यासारखी. "तुझ्या वहिनीनं माझ्या पाटल्या घेतल्या. पुरात घेतल्या. कुणाला बोलू नको." चार तोळ्यांच्या त्या पाटल्या, आजीनं घातलेल्या. मी म्हणाले, "आई, असं कसं होईल?" ती रडायला लागली. म्हणाली, "तू तरी माझं ऐक."

आजार माझ्या समोर कळला होता. घड्याळ मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी त्या रात्री मला झोप आली नाही आणि मनात आलं, की पूर होता, धावपळ होती, वहिनींच्या भावाचं तेव्हाच दुकानाचं नुकसान झालं होतं. असं माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला तर वहिनींनीच उचलला. मी आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळं घर शोधलं ताई, नाही सापडत." आणि मी म्हणाले, "नीट शोधा."

एवढंच म्हणाले. त्यानंतर सव्वा वर्ष त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, आणि मी ते लॉकडाऊनवर आणि थकव्यावर ढकललं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं. या वेळी दादा आणि वहिनींनी वेळेवर स्वयंपाकघर माडीवर हलवलं. वर्षाच्या हळदीचा मोठा पत्र्याचा डबा उचलताना आतून खणखण आवाज आला. सांगलीत हळद घरात वर्षाची भरतात, आणि आईचा डबा कोणी फारसा उपसत नाही, रोजची हळद छोट्या बरणीत असते. वहिनींनी कोपरापर्यंत हात घातला. रुमालात गुंडाळलेल्या दोन पाटल्या. आईनं पुराच्या भीतीनं ठेवल्या आणि ठेवल्याचं विसरली. वहिनींनी त्या धुतल्या, देवापुढं ठेवल्या, आणि पाणी वाढत होतं म्हणून उरलेले डबे वर न्यायला लागल्या. मला हे दादानं सांगितलं. वहिनींनी फोन केला नाही.

बऱ्याच दिवसांनी मी अल्झायमरबद्दल वाचत होते. आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या बाईंवरून हा आजार पहिल्यांदा वर्णन केला, त्या ऑगस्टे डेटर. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आणल्या तेव्हा ५१ वर्षांच्या. अल्झायमरांच्या १९०७ च्या लेखात लिहिलंय की त्या बाईंचं सगळ्यांत आधी लक्षात आलेलं लक्षण होतं नवऱ्याबद्दलचा संशय. आणि त्या घरातल्या वस्तू इकडून तिकडं नेऊन लपवून ठेवायच्या. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. सव्वाशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या टोकाच्या देशात, हेच. लपवणं आणि आळ घेणं. आजाराच्या अगदी पहिल्या पानावर लिहिलेली गोष्ट, आणि आमच्या घरात ती एका बाईच्या चारित्र्यावर आली. आळ नेहमी जो जवळ असतो, जो हाताखाली सगळं करतो, त्याच्यावरच येतो, कारण आजारी माणसाला दिवसभर दिसतो तोच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं आता म्हणण्यात अर्थ नाही. मला वहिनी वीस वर्षं माहीत होत्या. तेवढं पुरायला हवं होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वहिनी ओट्याजवळ चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब १८० च्या वर. डॉक्टरांनी विचारलं, सलग किती तास झोपता? त्या म्हणाल्या, "सलग म्हणजे... दीड-दोन." कधीपासून? "दोन वर्षं झाली असतील." दादा शेजारीच उभा होता. तो त्याच घरात, त्याच मजल्यावर झोपत होता. वाईट माणूस नाही माझा भाऊ. आईवर जीव आहे त्याचा, दुकानातून येताना रोज तिच्यासाठी काहीतरी आणणार. पण रात्री आईच्या कडीचा आवाज झाला की उठायचं ते वहिनींनी, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा. मी पुण्यात बसून लेख पाठवायची. आक्रोड द्या, कोडी सोडवायला द्या, फिरायला न्या.

मी आठ दिवसांची रजा टाकून स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली.

पहिल्याच रात्री अडीच वाजता खडखड झाली. आई दाराशी उभी. जुन्या लुगड्याचं गाठोडं बांधलेलं. नंतर मी ते सोडून बघितलं, त्यात देवघरातली घंटा, टीव्हीचा रिमोट, दादाचा एक बूट, चार कांदे आणि तिच्या शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो होता. मला म्हणाली, "चल ऊठ. पाणी किती फुटाला आलंय?"

मी म्हणाले, "आई, पूर नाहीये. फेब्रुवारी चाललाय. थंडी बघ किती आहे."

"तुला काय कळतंय? पोरं झोपल्यात आत. पानी दारात आलंय."

पानी म्हणाली. आयुष्यभर वर्गात ण आणि न घोटून घेणारी माझी आई. भिलवडीचं तिचं लहानपणचं बोलणं हळूहळू वर यायला लागलं होतं. मी तिला हाताला धरून बाहेर नेलं, अंगण दाखवलं, कोरडी फरशी दाखवली. हे बघ, कुठं आहे पाणी? तिनं फरशी बघितली आणि ती थरथरायला लागली. आत्ता विचार केला की कळतं, तिला पाणी दिसत होतं आणि तिची मुलगी ते नाही म्हणत होती. मी जितकं समजावलं तितका तिचा आवाज चढत गेला. शेवटी तिनं मला ढकललं, बऱ्यापैकी जोरात.

वहिनींना झोपेची गोळी दिली होती, तरी त्या आल्या. केस मोकळे, भिंतीला धरून. आईच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आत्ताच निरोप आला. पाणी उतरायला लागलंय. दोन फुटानं उतरलं."

आई थांबली. "उतरलं?"

"उतरलं. पोरं वरच्या मजल्यावर आहेत, सगळी मोजली. गाठोडं द्या इकडं, मी पहाऱ्याला बसते. तुम्ही जरा पडा. पहाटे निघायचंय."

आईनं गाठोडं दिलं. पाच मिनिटांत झोपली.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. वहिनींनी चहा टाकायला गॅस पेटवला तेव्हा मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं, आणि तिथंच, दिवा न लावता, पाटल्यांबद्दल माफी मागितली. दोन वर्षांनी. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाटल्यांचं काही नाही हो ताई. आई म्हणाल्या तेही काही नाही, त्यांना कुठं कळतंय. तुम्ही 'नीट शोधा' म्हणालात ना, ते 'नीट' लागलं."

चहा दोघींनी पूर्ण प्यायला. नंतर त्या झोपायला गेल्या आणि पहाऱ्याला मी बसले.

त्या आठ दिवसांत मी माझ्या आईची सेवा वहिनींकडून शिकले. अंघोळीचंच सांगते, कारण सगळ्यांत अवघड तेच. आईला डोक्यावरून पाणी घेतलं की बुडाल्यासारखं व्हायचं. किंचाळायची, तांब्या हिसकायची. वहिनींनी तिला पाटावरून खुर्चीवर आणलं, मोरीच्या ओल्या चकचकीत फरशीवर जुनं सतरंजीचं तुकडं टाकलं कारण चकाकी तिला पाण्याचा डोह वाटायची, आणि पाणी पायांपासून घालायला सुरुवात केली. पाऊल, पोटरी, गुडघा. आणि तोंडानं म्हणायच्या, "बाई, तेराचा पाढा कसा आहे हो? मला येत नाही."

आणि आई, जिला माझं नाव येत नव्हतं, ताठ बसून सुरू करायची. तेरा एके तेरा. एक तांब्या. तेरा दुणे सव्वीस. दुसरा. तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न. पाणी खांद्यापर्यंत आलेलं असायचं. चारोदरसे, सतरोदरसे म्हणताना तिचा स्वर चढायचा, वर्गातल्यासारखा, आणि तीसासे झालं की वहिनी शेवटचा तांब्या मानेवरून सोडायच्या आणि टॉवेल गुंडाळायच्या. टॉवेल आधीच बंबावर टाकून ऊन केलेला. "आलं का पाठ?" आई विचारायची. "उद्या परत म्हणते, बाई," वहिनी म्हणायच्या. हे रोज. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोरीच्या दारात उभी होते, हातात साबण घेऊन, आणि मला आत जाता येईना.

एरवी वहिनी तिला आईच म्हणतात. 'बाई' फक्त अडचणीच्या वेळी. शाळेतली ती हाक आईला कुठंतरी खोलवर पोचते हे त्यांनी आपण होऊन शोधून काढलं. कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आम्ही नंतर ज्या गोष्टी ठरवल्या त्या सगळ्या एकदम जमल्या असं नाही. माझी पहिली कल्पना होती की आईला दोन महिने पुण्याला न्यावं, वहिनींना विश्रांती. एप्रिलमध्ये नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सिंहगड रोडला. आईला संडास सापडेना. स्वयंपाकघर कुठं ते दिवसातून तीसदा विचारायची. बाल्कनीतून खाली बघून तिला वाटायचं आपण पुरात माडीवर अडकलोय. सहाव्या दिवशी पहाटे पाचला ती लिफ्टनं खाली गेली आणि वॉचमननं तिला फाटकाशी धरून ठेवलं म्हणून मिळाली. नवव्या दिवशी तिला सांगलीला परत सोडलं. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिनं उजवा हात लांबवून भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं. न बघता. तेव्हा मला कळलं की आईला हलवायचं नाही, हलायचं आपण.

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा आठवडा माझा. साहेबांशी बोलून तीन दिवस घरून काम, बाकी रजा. त्या आठवड्यात वहिनी एकतर माहेरी, तासगावला जातात, नाहीतर वरच्या खोलीत दार लावून झोपतात. पहिले दोन-तीन महिने त्यांना झोपच यायची नाही. कडी वाजली की उठून यायच्या. मी परत पाठवायचे. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो, त्याला येणं जमत नाही, तो दिवसाच्या मावशींचा पगार देतो, महिना चौदा हजार. आधीच्या दोघी मावशी टिकल्या नाहीत. एकीला आईनं चोर म्हटलं, आणि तिला ते सहन झालं नाही. मी तिला दोष देत नाही. आत्ताच्या मावशींना आम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं, की आळ येणार, आला की आमच्यापैकी कुणीही तुमच्यावर संशय घेणार नाही, हे लिहून देतो. दादानं खरंच वहीत लिहून सही केली. त्या टिकल्या.

आणि दादानं रात्री घेतल्या. आधी शुक्रवार-शनिवारच्या, आता आठवड्यातल्या चार. पहिल्यांदा आईचं डायपर बदलायची वेळ आली तेव्हा तो बाहेर येऊन जिन्यात बसला होता. मुलानं आईला तसं बघणं, आमच्याकडं मनालाच पटत नाही, आणि आईलाही पटत नव्हतं. ती पदर ओढून घ्यायची. वहिनी म्हणाल्या, "दिवा मंद करा, अंगावर चादर राहू द्या, खालून हात घालून करा, आणि बोलत राहा." तो बोलत राहतो. दुकानात आज काय विकलं ते सांगतो. नटबोल्ट, पाइप, किलोचा भाव. आई ऐकते.

संध्याकाळ मात्र सगळ्यांची. उन्हं कलली की तिची तगमग सुरू व्हायची, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. सावल्या लांब होतात, उजेड कमी होतो, थकलेल्या मेंदूला ओळखीची खोलीसुद्धा परकी वाटायला लागते. आम्ही साडेपाचलाच घरभर दिवे लावायला लागलो. वहिनी रद्दीवाल्याकडून पोरांच्या जुन्या वह्या आणायच्या आणि तिच्यापुढं लाल पेन ठेवायच्या. आई तासभर वह्या तपासायची. बरोबरच्या खुणा, मध्येच "अक्षर सुधार". मग सातच्या सुमाराला ती मान वर करायची आणि विचारायची, पाणी किती फुटाला आलंय? आणि जो घरात असेल तो म्हणायचा, उतरलं आई, उतरायला लागलंय.

दादाच्या धाकट्यानं एकदा विचारलं, आपण आजीशी खोटं बोलतो का? दादा म्हणाला, "तिला भीती वाटतीय ती खरी आहे की नाही? मग तिला उत्तर पण त्याच भीतीला द्यायचं." माझ्या अबोल भावाच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पाहुण्यांबद्दल लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते. वर्षातून एकदा येणारे नातलग तासभर बसतात. त्या तासात आई जुन्या सवयीनं पदर सावरते, "बसा, चहा घ्या" म्हणते, हसते. ते जाताना दारात म्हणतात, "मला तर ओळखलं हो! एवढं काही नाही वाटलं." वहिनी ऐकून घेतात. एका जवळच्या बाईंनी तर, "माणसं आणून ठेवली की घरची माया कमी होते," असं वहिनींना ऐकवलं. मी त्या दिवशी घरात होते. मी त्यांना म्हणाले, "आज रात्री राहा. आईजवळ झोपा." त्यांची गाडी होती म्हणे सहाची.

२०२३ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानं भारतात साठीच्या पुढच्या ८८ लाख माणसांना डिमेन्शिया (अल्झायमर ज्यातलाच एक, तो विस्मरणाचा आजार) आहे, म्हणजे शंभरात सात-साडेसात. आजाऱ्यांचा आकडा निघाला ते बरं झालं. पण त्यातल्या कितीतरी घरांत रात्री अडीचला कुणीतरी उठत असणार, सून, मुलगी, म्हातारा नवरा, आणि त्यांच्या झोपेचा आकडा कुठं नाही. तुमच्या नात्यात असं कुणी असेल तर आक्रोडाचे लेख पाठवू नका. बॅग भरा आणि चार रात्री जा. तेवढ्यानं त्या माणसाचा रक्तदाब उतरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आई आता शहात्तर वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून पाढा तेरा पंचे पासष्टला थांबायला लागला, मग तेरा दुणेला, आता ती फक्त सूर धरते, शब्द नाहीत. चालणं जवळजवळ बंद आहे. गिळताना ठसका लागतो म्हणून आंबील, मऊ भात, सरबरीत वरण, आणि भरवताना पाठ ताठ. एका वाटीला पाऊण तास. पाणी किती फुटाला आलंय हे तिनं शेवटचं कधी विचारलं ते कुणाला नक्की सांगता येत नाही. थांबलं तेव्हा लक्षात आलं नाही, चार-पाच दिवसांनी आलं. आम्हाला त्या प्रश्नाचा किती कंटाळा यायचा. आता सात वाजले की घर कान देऊन बसल्यासारखं होतं.

एवढ्यात एक दिवस ती माझ्याकडं बघून बोलली, खूप दिवसांनी पूर्ण वाक्य. वहिनी तिचे केस विंचरत होत्या. वहिनींकडं डोळ्यांनी दाखवत मला म्हणाली, "ह्या बाई लई चांगल्या हाईत. कुठल्या म्हणायच्या?"

"तासगावच्या," मी म्हणाले.

"हां," म्हणाली, आणि डोळे मिटले. वहिनींनी वेणी पुरी केली.

हा माझा आठवडा आहे. बाहेर पाऊस आहे, रात्रीचे अडीच झालेत, आणि आई जागी आहे. मी हे फोनवर टाइप करतेय आणि तिनं माझ्या ओढणीचं टोक धरलंय. त्याला गाठ मारतेय, सोडवतेय, परत मारतेय. मघाशी दादा पाणी प्यायला उठला, दारात थांबला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "उतरलं गं आई. उतरायला लागलंय." तिनं विचारलं नव्हतं.

वरच्या खोलीचं दार बंद आहे. पंख्याचा आवाज येतोय. सकाळी वहिनी उठायच्या आत मला डाळ शिजवून ठेवायची आहे, आणि टॉवेल बंबावर टाकायचा आहे.